बुधपाल राजाचं एकमेव नाणं

वाचनालयाच्या वर्धापनदिनाच्या प्रदर्शनात काचेचं एक टेबल रिकामं राहत होतं. मूळ अडचण एवढीच, आणि तीही वाचनालयाची. पण दुसऱ्याची अडचण नुसती दारावरून चालली असली तरी तिला हाक मारून आत घ्यायचं, खुर्ची द्यायची, चहा विचारायचा, हा अप्पासाहेबांचा स्वभाव. ग्रंथपालबाई पुस्तक बदलून देता देता म्हणाल्या, "तुमच्याकडे ती जुनी नाणी आहेत ना? त्यातली चार मांडा की. टेबल अगदीच ओकंबोकं दिसतंय." ह्याच सुरात त्यांनी सकाळी दोन कुंड्याही मागवल्या होत्या. अप्पासाहेबांनी सूर ऐकला नाही. त्यांना 'मांडा' एवढंच ऐकू आलं, आणि ते पुस्तक तिथेच विसरून घरी आले.

अप्पासाहेब पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागाचे हेडक्लार्क. दिवसभर लोक त्यांना सांगायचे की नळाला पाणी नाही, आणि ते लोकांना सांगायचे की नोंद घेतली आहे. असल्या कामात माणसाला मान मिळून मिळून किती मिळणार? म्हणून मानाची सोय त्यांनी घरी केली होती. बेडरूममधल्या लोखंडी कपाटात, मखमल लावलेल्या उथळ खणांत, त्यांची नाणी होती. घरी आलेल्या पाहुण्याला पाण्याच्या आधी नाणं दाखवलं जाई. "हे बघा," अप्पासाहेब भिंग पुढे करत, "ह्या राजाचं नाक झिजलंय. का झिजलं? हजारो अंगठे फिरलेत त्यावरून. कुणी ह्याच्यावर पीठ घेतलं असेल, कुणी लाच दिली असेल. आणि हे त्याच्या मुलाचं. चेहरा बापाचाच ठेवलाय, नाव तेवढं बदललंय. म्हणजे तिजोरीत खडखडाट! नवा साचा करायची ऐपत नाही! अहो, पुस्तकातला इतिहास राजा सांगेल तसा असतो. नाणं मात्र चुगली करतं." हे ते इतक्या रंगून सांगत की पाहुण्याला क्षणभर त्या राजपुत्राची काळजी वाटू लागे आणि पाणी मागायचं राहून जाई.

सगळ्यात वरच्या खणात, एकटा, बुधपाल.

बुधपालाचं नाणं पितळी होतं, बिस्किटाएवढं, वरच्या कडेला भोक आणि सगळ्या अंगावर हिरवट काळा थर. अप्पासाहेब शाळेत असताना त्यांना ते घरातल्या बटणांच्या डब्यात सापडलं होतं. विचारलं तर काढून घेतील, ह्या भीतीने त्यांनी कुणाला विचारलंच नाही, आणि अशा रीतीने त्यांच्या संग्रहाचा पाया घातला गेला. थरातून एका बाजूला पंख पसरलेला पक्षी आणि खाली सतरा हा आकडा दिसे. दुसऱ्या बाजूला मोजून दोन अक्षरं, 'ध' आणि 'पा'. बाकीचं अप्पासाहेबांच्या बुद्धीने भरून काढलं. पक्षी म्हणजे गरुड. गरुड म्हणजे राजचिन्ह. सतरा म्हणजे राज्यावर बसल्याचं सतरावं वर्ष. आणि 'ध पा'च्या अलीकडे पलीकडे एकेक अक्षर घातलं की झाला बुधपाल. हा राजा कुठल्याच इतिहासात सापडत नव्हता, पण तो अप्पासाहेबांच्या मते इतिहासाचा निष्काळजीपणा होता. भोकाचंही उत्तर त्यांच्याकडे होतं. राजाचे निष्ठावंत सरदार ते गळ्यात घालत.

ह्या कपाटाला कुलूप असे, आणि ते चोरांसाठी नव्हतं. ते आईसाठी होतं.

आईने पंच्याहत्तरी ओलांडली होती, पण काही मळकं दिसलं की तिचे हात शिवशिवत. दाराची कडी, नळाची तोटी, गॅसची बटणं, काहीही. समोरच्या विमेवाल्यांच्या दारावरची पितळी पाटी तिने एकदा प्रेमाने इतकी घासली की अक्षरंच गेली, आणि त्यांची पत्रं महिनाभर खालच्या दंतवैद्याकडे पडत राहिली. आता, नाणी जमवणाऱ्यांच्या जगात नाणं घासण्यासारखं दुसरं पाप नाही. शेकडो वर्षांत चढलेला तो थर म्हणजे नाण्याची अब्रू. त्यामुळे आईने कधी "बघू रे, काय एवढं ठेवलंयस" म्हटलं की अप्पासाहेब खण दुरूनच दाखवत आणि झटकन बंद करत. "राहू दे बाबा, तुझं भंगार तुलाच लखलाभ," आई म्हणे, आणि तोटीकडे वळे.

तर टेबल मांडायचं ठरलं. वाचनालयाचे चिटणीस म्हणाले, वस्तू आत आणायची तर अर्ज हवा. अर्ज त्यांच्याकडे एकच होता, पुस्तक देणगी देण्याचा, आणि त्यातले सगळे रकाने भरणं सक्तीचं होतं. लेखकाचं नाव? अप्पासाहेबांनी बराच विचार करून 'बुधपाल' लिहिलं. एकूण पानं? 'दोन बाजू.' बांधणी? 'पितळी.' ग्रंथ सुस्थितीत आहे का? 'काळाच्या मानाने.' चिटणिसांनी तो वाचला, मान डोलावली आणि म्हणाले, "पण वस्तू जुनी आहे ना? मग पुराणवस्तू कार्यालयाचं ना-हरकत पत्र लागेल."

पुराणवस्तू कार्यालयातल्या खिडकीपलीकडे एक गृहस्थ पेन्सिलीला टोक काढत बसले होते.

"किती जुनं आहे?"

"हजारेक वर्षं तरी."

"पुरावा?"

"तो तर तुम्ही द्यायचा ना?"

"आम्ही फक्त जुन्या वस्तू तपासतो. जुनी असल्याचा पुरावा आणा, म्हणजे ती जुनी आहे का ते तपासून सांगू."

"आणि जुनी नसली तर?"

"मग आमचा संबंधच येत नाही. पण तसं आम्ही लेखी देत नाही."

अप्पासाहेबांची स्वतःची हयात सरकारी टेबलामागे गेलेली. ह्या उत्तरातलं कसब त्यांना लगेच कळलं. जीव तळमळत असतानाही त्यांनी मनातल्या मनात त्या गृहस्थांना सलाम ठोकला. शेवटी पेन्सिलीचं टोक मोडलं, गृहस्थ कंटाळले आणि त्यांनी अर्जावर 'पाहिले' असा शिक्का मारून दिला. काय पाहिले, कुणी पाहिले, पाहून काय वाटले, हे शिक्क्यात नव्हतं. चिटणिसांना तेवढा पुरला.

एव्हाना इमारतीत बातमी फुटली होती, आणि सल्ल्यांना तर काय, दार वाजवायचीही गरज नसते. विमेवाले म्हणाले, "आधी विमा उतरवा. प्रदर्शन म्हटलं की हात मारणारे आलेच." त्यांनी स्वतःच पॉलिसी लिहून आणली. तिच्यात वस्तूचं वर्णन 'एक राजा, पितळी' असं होतं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. ते पोस्टाची तिकिटं जमवत, आणि त्यांना सगळी इमारत तिकीटमास्तर म्हणे. त्यांना अर्धं टेबल हवं होतं.

"बुधपाल?" ते चष्म्यावरून बघत म्हणाले. "हा कुठून उपटला? माझ्याकडे जगभरातली तिकिटं आहेत. एकावरही नाही."

"त्याच्या काळी पोस्ट नव्हतं," अप्पासाहेब थंडपणे म्हणाले.

"सोयीचंच झालं की मग. पत्ता कुणी विचारायला नको!"

हा टोमणा अप्पासाहेबांना फार लागला. त्याच तिरमिरीत त्यांनी चिटणिसांना जे सांगितलं, त्यातून पुढचं सगळं घडलं. चिटणीस म्हणत होते, गर्दी खेचायला काहीतरी आकर्षण हवं. अप्पासाहेबांनी ते दिलं. पत्रक छापायला गेलं: 'बुधपाल राजाचं एकमेव ज्ञात नाणं! प्रथमच सर्वांसाठी!' गावातल्या वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. त्या कापून अप्पासाहेबांनी कार्यालयात काचेखाली लावल्या, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या साहेबांनी त्यांना "बसा" म्हटलं आणि आपण येणार असल्याचं जाहीर केलं. वस्तुसंग्रहालयातले इतिहासाचे प्राध्यापक प्रमुख पाहुणे म्हणून यायला तयार झाले. त्यांचा निरोपच होता: 'हे नाव मी आजवर कधीही ऐकलेलं नाही. अवश्य येतो.'

"बघितलंस?" अप्पासाहेब बायकोला म्हणाले. "केवढी उत्सुकता!"

"अहो, मला ती धमकी वाटतेय," बायको म्हणाली. पण असल्या शंका थोरांच्या संसारात चालायच्याच, असं समजून अप्पासाहेबांनी त्या मनावर घेतल्या नाहीत.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्यांनी रजा टाकली. सकाळी तांब्यापितळेच्या नाण्यांचे खण बाहेर काढून जेवणाच्या टेबलावर मांडले, आणि मांडणी ठरवतायत तोच छापखान्यातून फोन आला. पत्रकं झाली आहेत, पण निम्म्यांवर गरुड उलटा पडलाय, चालेल का? डोक्यावर पडलेला गरुड अप्पासाहेबांना चालणार नव्हता. ते चपला अडकवून धावले. छापखानेवाल्याशी हुज्जत घालायला वेळ गेला, कारण त्याचं म्हणणं होतं की पक्षी उडताना कसाही दिसू शकतो. परत आले तेव्हा घरात लिंबाचा वास येत होता.

जेवणाच्या टेबलावर स्वच्छ पंचा अंथरला होता. त्यावर सगळी नाणी ओळीने वाळत घातली होती. ती चमकत होती. राजे, राण्या, हत्ती, तलवारी, सगळे आजच टांकसाळीतून बाहेर पडल्यासारखे. शेजारी लिंबाच्या पिळलेल्या फोडी, भांड्यांच्या पावडरीचा डबा, एक जुना टूथब्रश आणि आई.

"बघ," आई हात पुसत म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "आता कशी नाणी वाटतायत! उद्या एवढी माणसं येणार, म्हणतील काय? की ह्यांच्याकडे घासायलासुद्धा कुणी नाही?"

अप्पासाहेब खाली बसले. खुर्चीवर बसायचं होतं, पण ती थोडी बाजूला होती. शेकडो वर्षांची अब्रू मोरीतून वाहून गेली होती. बायको पाणी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "मी भाजी आणायला गेले होते हो." त्यांनी पाणी घेतलं, आणि पंच्याच्या टोकाला ठेवलेल्या बुधपालाकडे हात नेला.

तो सोन्यासारखा लखलखत होता. आणि गरुडाला चपटी चोच होती.

अप्पासाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. चोच चपटीच राहिली. पाय पडद्याचे होते. पक्ष्याभोवती अर्धगोलात, आता लहान मुलालाही वाचता येतील अशी अक्षरं होती: 'बदक छाप कापड गिरणी'. त्यांनी नाणं उलटवलं. 'दूध पाळी'. आणि त्याखाली, हुकूम सोडल्यासारखं, 'परत करणे'.

एक साम्राज्य कोसळायला किती वेळ लागतो ह्यावर अप्पासाहेबांनी बरंच वाचलं होतं. त्यातल्या एकाही लेखकाला अनुभव नव्हता.

"अगं बाई," आई त्यांच्या खांद्यावरून वाकून म्हणाली. "मगाशी चष्मा नव्हता म्हणून कळलं नाही. हा तर माझा बिल्ला!"

"कसला बिल्ला?"

"गिरणीतला. मी सतरा नंबर होते."

अप्पासाहेबांनी सतराच्या आकड्यावरून अंगठा फिरवला. नळाची तोटी ठिबकत होती, आणि तिचीही चकाकी कमी नव्हती.

"तू गिरणीत होतीस?" अप्पासाहेबांनी विचारलं. "कधी?"

"तू पोटात असताना. आणि मग झाल्यावर. तुझे वडील तेव्हा आजाराने अंथरुणाला खिळलेले. कुणीतरी कमवायला नको? मोठ्या आवारात एका टोकाला आमचं खातं आणि दुसऱ्या टोकाला पाळणाघर. अंगावर पिणारं मूल असलं की पाळीत दोनदा सोडायचे. पण मुकादमाकडून हा बिल्ला घ्यायचा, पहारेकऱ्याला दाखवायचा, तेव्हा पुढे जाऊ द्यायचे. आल्यावर परत खिळ्याला अडकवायचा. म्हणून तर भोक." आईने ते भोक बोटाने दाखवलं. निष्ठावंत सरदार तिथून निमूटपणे निघून गेले. "एक दिवस तुला ताप भरला. पाळणाघरातली बाई म्हणाली, घरी न्या. मुकादम म्हणाला, पाळी सुटल्यावर न्या. मी म्हटलं बरं, पाजून तरी येते. बिल्ला घेतला, तुला उचललं आणि सरळ फाटकातून बाहेर. पहारेकऱ्याने बिल्ला बघितला, तुला बघितलं, आणि मेल्याने चांगलं केलं हो, दुसरीकडे तोंड फिरवलं. मग मी परत गेलेच नाही. हा द्यायचा राहिला. किती दिवस दारावर थाप पडली की छातीत धस्स व्हायचं, आले वाटतं बिल्ला मागायला. शेवटी टाकला बटणांत."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुझ्या वडिलांना पुढे कारकुनी लागली ना. म्हणाले, गिरणीचं नाव आता घरात नको. मुलाच्या शाळेत, लग्नात आडवं येतं. मग नाही काढलं." ती थांबली, आणि जरा ताठ होऊन म्हणाली, "काम चांगलं होतं हो माझं. धागा तुटला की माझ्याएवढ्या झटकन जोडणारी आख्ख्या खात्यात नव्हती."

संध्याकाळी विमेवाले डोकावले. चकाकती नाणी, पांढराफटक पडलेला नवरा आणि गप्प बसलेली बायको बघून त्यांना सगळा अंदाज आला, राहिलेला त्यांनी विचारून घेतला. मग त्यांनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "काही बिघडलेलं नाही. राजा चोरीला गेला म्हणा. पत्रक खोटं पडत नाही, तुमची मान खाली जात नाही, आणि कंपनीकडून वर चार पैसे. आणि हे बाकीचं," त्यांनी आईच्या खोलीकडे मान वेळावली, "घरातल्या घरात राहतं. तुमच्या साहेबांसमोर, त्या प्राध्यापकांसमोर, कशाला उगाच?"

खरं सांगायचं तर अप्पासाहेबांना तो सल्ला गोड लागला. त्यांच्या डोळ्यांसमोर उद्याचं सभागृह उभं राहिलं. तिकीटमास्तर 'बदक, बदक' करत टाळ्या पिटतायत. साहेब "बसा" हा शब्द परत घेतायत. हेडक्लार्क, नाणेतज्ज्ञ, आणि गिरणीतल्या बाईचा मुलगा. चोरीला गेला म्हटलं की प्रश्न मिटला. बुधपाल कायमचा बेपत्ता, म्हणजे कायमचा राजा.

"विचार करतो," ते म्हणाले.

आई दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. "म्हणजे मांडणार नाहीस?" तिने विचारलं. तिने हे रागाने विचारलं नाही. दूध संपलंय का, अशा सुरात विचारलं. "बरं. मला आपलं वाटलं, आता एवढा घासलाय तर." आणि वळता वळता, जणू स्वतःशीच, "राजाचं असतं तर मांडलं असतंस."

अप्पासाहेबांना शरम वाटली. आजवर त्यांनी पाहुण्यांना पढवलं होतं की नाणं चुगली करतं, खरं काय ते सांगतं. आणि त्यांच्या हातातल्या एकाने उभ्या जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं, तर ते त्याचं तोंड दाबायला निघाले होते. एरवी राजे लोक नाण्यावरचं नाव तेवढं बदलत, ते परवडलं. ते उठले, विमेवाल्यांना त्यांची पॉलिसी परत दिली आणि म्हणाले, "राजा मेला हो. नैसर्गिक मृत्यू. त्याला तुमच्याकडे भरपाई असते का?" विमेवाले नसते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सभागृह तुडुंब भरलं. काचेच्या टेबलावर वाचनालयाचा मोठा दिवा सोडला होता, आणि आईच्या लिंबाची करामत अशी की नाण्यांकडे बघणाऱ्याला डोळे बारीक करावे लागत होते. मधोमध मखमलीवर बिल्ला. खाली अप्पासाहेबांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी: 'दूध पाळीचा बिल्ला. गिरणीतल्या कामगार आयांना तान्ह्या मुलाला पाजायला जाण्यासाठी मिळत असे. वापरणाऱ्या: माझी आई, कामगार क्रमांक सतरा.' टेबलाशेजारच्या खुर्चीत आई बसली होती, आणि येणाऱ्या प्रत्येकाला "हे सगळं मी घासलंय" असं सांगत होती.

चिटणिसांच्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता. त्यांनी चिठ्ठी वाचली, पत्रक वाचलं, पुन्हा चिठ्ठी वाचली. "अप्पासाहेब," ते कळवळून म्हणाले, "आणि बुधपाल?"

सगळं सभागृह वळलं. साहेब पुढच्या रांगेत होते. तिकीटमास्तर तर पुढच्या रांगेच्याही पुढे होते.

"बुधपाल नव्हताच," अप्पासाहेब मोठ्यांदा म्हणाले. आवाज कापू नये म्हणून मोठ्यांदा. "तो मी केला होता. दोन अक्षरं खरी होती, बाकी सगळी माझी. आणि गरुड नाही तो. बदक आहे."

हसण्याचा असा स्फोट झाला की कुंड्यांमधली पानं हलली. "बदक!" तिकीटमास्तर म्हणाले, आणि आनंदाने त्यांना ठसका लागला. साहेब हसले. ग्रंथपालबाई हसल्या. अप्पासाहेबांचे कान तापले, पण ते जागचे हलले नाहीत. आईच्या खुर्चीच्या पाठीवर त्यांचा एक हात होता, तो तिथेच राहिला.

प्राध्यापक तेवढे हसत नव्हते. ते टेबलावर वाकले होते, आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. मग त्यांनी काच उघडायला सांगितली, बिल्ला दोन बोटांत धरून उलटा केला आणि वाचलं, "'परत करणे.' हेच तर! ह्या गिरणीवर मी अभ्यास केलाय. असे बिल्ले होते हे ऐकून माहीत होतं. पण गिरणी बंद पडली तेव्हा खिळ्यावरचे सगळे वितळवले. माझ्या माहितीत एकही उरलेला नाही. सगळ्यांनी परत केले होते ना."

"एकही नाही?" चिटणिसांचा चेहरा उजळला. "म्हणजे हा एकमेव ज्ञात?"

"एकमेव ज्ञात."

"मग पत्रकात नुसता राजाच खोडायचाय की!" चिटणीस म्हणाले आणि खिशात पेन शोधू लागले.

प्राध्यापक आईपुढे स्टूल ओढून बसले. आईने त्यांच्या हातातल्या बिल्ल्याकडे संशयाने बघितलं. "परत मागायला आलात का?"

"नाही, आजी."

"मागितला तरी देणार नाही. आधीच सांगते."

"नका देऊ. पण तुमच्याकडे राहिला कसा, तेवढं सांगाल?"

आईने सांगितलं. खातं, पाळणाघर, मुकादम, ताप. तिला गर्दीची सवय नव्हती, पण एकदा सुरू झाल्यावर तिने कुणाकडे बघितलं नाही. हसण्याचा शेवटचा आवाज कधी विरला कुणाला कळलंही नाही. तिकीटमास्तर चष्मा काढून पुसत होते. तान्ह्या मुलाला उचलून एक बाई आवार ओलांडत होती, फाटक जवळ येत होतं, आणि सगळं सभागृह तिच्याबरोबर चालत होतं. पहारेकऱ्याने तोंड फिरवलं तेव्हा साहेबांनी मोठा श्वास सोडला.

"एवढंच," आई म्हणाली. "मग नाही गेले परत."

प्राध्यापकांनी बिल्ला जपून तिच्या तळहातावर ठेवला. मग जरा चाचरत, असं काही विचारावं की नाही ह्या घोळात पडून, त्यांनी विचारलं, "आणि आजी, ते बाळ? तापातून... त्याचं पुढे काय झालं?"

लोकांनी खाली बघितलं. आई मान वळवून गर्दीत कुणाला तरी शोधू लागली, कारण तो तिच्या पाठीमागेच उभा आहे हे तिच्या लक्षात नव्हतं.

हेडक्लार्क अप्पासाहेबांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"हजर," ते म्हणाले.